फोर-व्हील ड्राइव्ह : जुन्या एसयूव्हीतील दोषनिदान

फोर-व्हील ड्राइव्ह : जुन्या एसयूव्हीतील दोषनिदान. इंजिनाची शक्ती चारही चाकांना पोहोचवणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्यास तो नेमका कोठे आहे, हे क्रमाने शोधण्याची पद्धती. येथे ‘जुनी’ या शब्दाने स्थूलमानाने १९८० ते २००५ या काळातील गाड्या अभिप्रेत आहेत. यांतील बहुतेक गाड्यांत पुढचा आस दांड्याने, निर्वाताने म्हणजे व्हॅक्यूमने किंवा विजेच्या मोटारीने जोडला जातो. नंतरच्या गाड्यांतील संगणक-नियंत्रित क्लचचे निदान वेगळ्या रीतीने होते; त्याचा विचार येथे केलेला नाही.

उगम : चार चाकांना शक्ती देणारी पहिली गाडी कोणती, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश अभियंता ब्रामा जोसेफ डिप्लॉक याने १८९३ मध्ये वाफेच्या ओढगाडीसाठी अशा रचनेचे एकस्व घेतले, म्हणून काही लेखक त्याला अग्रमान देतात. दुसरा पक्ष फेर्डिनांड पोर्श याने १९०० च्या सुमारास लोनर कंपनीसाठी केलेल्या, चारही चाकांच्या तुंब्यांत विद्युत्‌ मोटारी बसवलेल्या गाडीकडे बोट दाखवतो. तिसऱ्या मताप्रमाणे हा मान १९०३ च्या डच स्पायकर ६० एचपी या गाडीचा आहे. तिच्यात सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन दंतचक्रे व शाफ्ट यांच्या द्वारा चारही चाके फिरवत असे. दोषनिदानाच्या दृष्टीने तिसरे मत अधिक उपयोगी वाटते. तुंब्यातील मोटारींच्या गाडीत दंतचक्रे व शाफ्ट यांची यांत्रिक साखळीच नव्हती, आणि आज तपासावी लागते ती ही साखळीच. तथापि खरा अडथळा शक्ती वाटण्याचा नव्हता, तर वळणाऱ्या चाकाला शक्ती देण्याचा होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल येथे ऑटो झाको व विल्यम बेसरडिक यांनी १९०८ च्या सुमारास गोलाकार कवचात बसवलेल्या दुहेरी सांध्याने तो ओलांडला. पुढे १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ट्रॅक्टा सांधा आणि अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा याचा सहा गोळ्यांचा स्थिरवेगी सांधा आला. १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या लष्करी जीपमध्ये असेच सांधे होते. हा इतिहास निदानासाठीही कामाचा आहे : जो सांधा जन्माला घालणे सर्वांत अवघड गेले, तोच आजही आधी झिजतो.

पुढचा आस सोडवण्याची सोय त्यामानाने उशिरा आली. लष्कराने विकून टाकलेल्या जीप रस्त्यावर चालू लागल्यावर १९४८ च्या सुमारास आर्थर वॉर्न याने हाताने फिरवून जोडता-सोडवता येणारे हब, म्हणजे चाकाच्या तुंब्यातील जोडण्या, विकायला सुरुवात केली. त्यानंतर स्वयंचलित हब, पुढच्या आसातील एक हाफ शाफ्ट (एका चाकाला फिरवणारा शाफ्ट) मध्येच तोडणारी निर्वाताची रचना आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या व मागच्या आसांना वाटणाऱ्या पेटीवर, बसणारी मोटार हे प्रकार आले. कायम चार चाकांवर चालणारी शाखा वेगळी आहे. १९७० ची रेंज रोव्हर ही तिची ठळक प्रतिनिधी. तिच्यात दोन्ही आसांच्या मध्ये तिसरे डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची रचना, असते. १९८० च्या मॉडेलच्या एएमसी ईगलमध्ये हे काम घट्ट सिलिकोन द्रवाने भरलेल्या व्हिस्कस कपलिंगवर सोपवले होते. समोर उभी असलेली गाडी यांपैकी कोणत्या घराण्याची आहे हे ठरवल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

बिघाड नसलेला बिघाड : मधले डिफरन्शिअल नसलेल्या, म्हणजे पार्ट-टाइम गाडीत चार चाके जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेतले की गाडी अडखळते, उड्या मारल्यासारखी चालते आणि दांडा परत निघत नाही. ही तक्रार फार सामान्य आहे, पण यात काहीही मोडलेले नसते. समजा, दोन आसांमधील अंतर २.५ मीटर आहे आणि मागचा आस ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आहे. अशा वेळी पुढचा आस ६.५ मीटर त्रिज्येवर असतो आणि एका पूर्ण फेरीत ३.१४ मीटर जास्त चालतो. टायरचा घेर २.२ मीटर आणि आसाचे गुणोत्तर (चाकांच्या एका फेरीमागे शाफ्टचे फेरे) ४.१ धरले, तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे ट्रान्सफर केसपासून आसाकडे शक्ती नेणाऱ्या शाफ्टला, सुमारे ५.९ फेरे जास्त हवे असतात. ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधलेले असल्यामुळे हे फेरे पीळ होऊन साठतात. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून हा पीळ सुटतो. डांबरावर त्याला वाट मिळत नाही. थोडे सरळ मागे घेतले, तर दांडा बहुधा आपोआप मोकळा होतो.

हाच पीळ टायरांमुळेही येतो आणि तेव्हा मात्र तो दोष होय. नव्या टायरची खाच ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची १.६ मिलिमीटर असेल, तर घेरात सुमारे ४ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि दर किलोमीटरला आठेक फेऱ्यांचे अंतर पडते. पुढे नवे, मागे जुने टायर असलेल्या गाडीचा ट्रान्सफर केस उघडण्यापूर्वी टायरांचे घेर टेपने मोजावेत. आस बदललेल्या गाडीत दोन्ही आसांचे गुणोत्तरही ताडून पाहावे. एक चाक उचलून त्याला दोन पूर्ण फेरे द्यावेत आणि शाफ्ट किती फिरला ते मोजावे : दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांत शाफ्टचे मिळणारे फेरे म्हणजेच गुणोत्तर. मोजताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये हवा.

आज्ञा आणि शक्ती : निदानाचा गाभा एका प्रश्नात आहे. चार चाके जोडण्याची आज्ञा पोहोचत नाही, की आज्ञा पोहोचूनही शक्ती पोहोचत नाही? कारखान्यांच्या दुरुस्ती पुस्तिका प्रायः फ्यूज, रिले व वायरिंग यांपासून सुरुवात करतात. अनुभवी मिस्त्री आधी गाडीखाली जाऊन शाफ्टला हात लावतात. जुन्या गाडीपुरता दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण डॅशबोर्डवरील दिवा फसवतो. तो दिवा लावणारा स्विच काही गाड्यांत ट्रान्सफर केसच्या फोर्कवर (आतली जोडणी सरकवणाऱ्या काट्यावर), तर काहींत आसावरील जोडणीवर असतो. दिवा लागला याचा अर्थ एवढाच की त्या ठिकाणचा एक तुकडा सरकला. त्याच्या पुढचे काहीही त्याला ठाऊक नसते. उलट स्विच गंजला असेल, तर यंत्रणा ठणठणीत असूनही दिवा लागत नाही.

एका जॅकची चाचणी पुरेशी बोलकी आहे. सपाट जागी काही मीटर चालवून चार चाके जोडावीत. मधले डिफरन्शिअल असल्यास ते लॉक करावे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी आणि पुढचे एकच चाक उचलून आधार द्यावा. ते चाक हाताने फिरवल्यावर किंचित खेळून अडले, तर शक्तीचा मार्ग अखंड आहे. चाक मोकळे फिरले, तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे पाहावे. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल, तर ट्रान्सफर केस जोडला गेलेला नाही. चाक फिरते आणि शाफ्ट स्थिर राहतो असे दिसले, तर तुटलेला दुवा आसाकडे आहे : हब, हाफ शाफ्ट किंवा निर्वातावरची जोडणी. इंजिन बंद होताच जिचे निर्वात उतरते अशा रचनेत आसावरील डबीला (निर्वाताने जोडणी सरकवणाऱ्या पडद्याच्या डबीला) हातपंपाने निर्वात देऊन ही चाचणी करावी.

दोन इशारे येथेच द्यायला हवेत, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याने माणसे गाडीखाली सापडतात. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअरबॉक्समधील पार्क चाकांना धरून ठेवत नाही. तसेच एक आस उचललेला आणि दुसरा जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नये. यंत्रणा अचानक जोडली गेली तर गाडी जॅकवरून उडी घेते. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलताच डिफरन्शिअलमुळे तो निरुपयोगी ठरतो.

निर्वाताची रचना : आजवर सर्वाधिक चुकीची निदाने येथे होतात असे दिसते. निरोगी पेट्रोल इंजिन मंदगतीत, समुद्रसपाटीला, सुमारे १७ ते २१ इंच पाऱ्याइतके निर्वात देते. डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा पंप लागतो. मापक आधी उगमाशी, मग स्विचच्या दोन्ही बाजूंना आणि शेवटी आसावरील डबीशी लावावा. मापन जिथे पडते, त्याच्या मागच्या तुकड्यात दोष असतो. रबरी नळ्या बहुधा टोकांना तडकतात. डबीचा पडदा तपासण्यासाठी हातपंपाने निर्वात द्यावे. काटा उतरू लागला तर पडदा फाटला आहे. एक लक्षण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे : ट्रान्सफर केसवरील निर्वात-स्विचचे सील गेले की आतले तेल नळ्यांत ओढले जाते. नळी ओली, तेलकट निघाली तर केवळ डबी बदलून काम भागत नाही. स्विच बदलून सर्व नळ्या साफ कराव्या लागतात. हेच निर्वात वातानुकूलनाच्या झडपांनाही जात असल्यास चढणीवर हवेचा झोत तोंडावरून काचेकडे वळतो. दोन असंबद्ध वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ मग एकाच नळीत सापडते.

विद्युत्‌ मोटार : बटण दाबूनही काहीच घडत नाही तेव्हा आधी अटी पाहाव्यात. लो रेंजसाठी, म्हणजे कमी वेगाच्या व जास्त ओढीच्या टप्प्यासाठी, गाडी जवळजवळ थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला असावा लागतो. त्याची खबर देणारा छोटा स्विच बिघडला तर नियंत्रक आज्ञाच नाकारतो. रिलेची टकटक ऐकू येते पण मोटार फिरत नाही, अशा वेळी अर्थिंगची जोडणी आणि मोटारीपाशी प्रत्यक्ष भारासह मिळणारे व्होल्टेज मोजावे. मोटार फिरते, थबकते आणि दिवा लुकलुकत राहतो, असे असल्यास मोटारीतील स्थितिदर्शक पट्टी झिजलेली असण्याचा संभव आहे. निर्णायक तपासणी साधी आहे : मोटार काढून शिफ्टचा दांडा पान्याने हळू फिरवावा. तो सरकून चार चाके जोडली गेली, तर ट्रान्सफर केस निर्दोष आहे.

यांत्रिक झीज : आवाजांत भेद करता आला पाहिजे. साखळीवर चालणाऱ्या ट्रान्सफर केसमधील साखळी ताणली की ती जोराच्या भाराखाली दात ओलांडते आणि हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो; हलक्या भारावर ती गप्प असते. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातील क्रॉस झिजला तर गाडी सुटताना किंवा गिअर उलटताना एकदाच ठण्णकन आवाज येतो. वळताना चाकाजवळून येणारी कटकट स्थिरवेगी सांध्याची. सांध्यावरचा फाटलेला रबरी बूट आणि उडालेले ग्रीस दिसले तर शंका उरत नाही. चार चाके जोडली जातात पण भार येताच सुटतात, तेव्हा फोर्कची झिजलेली टोके हे पहिले कारण मानले जाते. त्याआधी गिअरबॉक्सचे माउंट, म्हणजे त्याला पेलणारा रबरी आधार, पाहणे शहाणपणाचे, कारण ते बसले की दांडा पूर्ण अंतर जाण्यापूर्वीच तळाच्या कडेला अडतो. हाताने फिरवायच्या हबांत एकच हब मोकळा राहिला तरी पुढचा आस निकामी होतो : उघडे डिफरन्शिअल सारी गती त्या मोकळ्या बाजूला देते. स्वयंचलित हबांत वाळलेले ग्रीस हा नेहमीचा अपराधी असतो.

व्हिस्कस कपलिंग दोन विरुद्ध प्रकारे जाते. एका बाजूचे चाक उचलून टॉर्क पान्याने सतत जोर दिला, तर ते हळूहळू, विरोध करत फिरले पाहिजे. अजिबात न फिरणे म्हणजे कपलिंग जाम आहे, सहज फिरणे म्हणजे त्यातील द्रव निकामी आहे.

तेलाच्या बाबतीत एकच सर्वसाधारण नियम नाही. साखळीच्या पुष्कळ ट्रान्सफर केसांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल, तर दंतचक्रांच्या अनेक केसांत घट्ट गिअर ऑईल लागते. निर्मात्याने सांगितलेलेच वापरावे. निचरा करताना झाकणाच्या चुंबकावर राखाडी लेप दिसणे स्वाभाविक आहे. त्यात बोटाला टोचणारे तुकडे आढळले, तर केस उघडावा लागतो.