दर पाच मीटर भिंतीला चार माणसं

इ.स. ८६५मध्ये पूर्व अँग्लियाच्या किनाऱ्यावर उतरलेलं व्हायकिंग सैन्य आधीच्या टोळ्यांसारखं मठ लुटून परत गेलं नाही. ते तिथेच राहिलं. इंग्लंड नावाचं एकसंध राज्य तेव्हा नव्हतं. नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, पूर्व अँग्लिया आणि वेसेक्स ही वेगवेगळी राज्यं होती, आणि पुढच्या नऊ वर्षांत त्यांपैकी तिघांच्या गाद्या रिकाम्या झाल्या. नॉर्थम्ब्रियाचे एकमेकांशी भांडणारे दोन राजे यॉर्क परत घेण्याच्या एकाच लढाईत पडले. पूर्व अँग्लियाचा एडमंड ८६९मध्ये मारला गेला. मर्सियाचा बर्ग्रेड ८७४मध्ये राज्य सोडून रोमला गेला, तो परतलाच नाही.

या यशाचं कारण शौर्यात शोधलं जातं. मला ते वेळापत्रकात दिसतं. थंडीच्या तोंडावर हे सैन्य नदीकाठची एखादी महत्त्वाची जागा, शक्यतो राजाचीच, ताब्यात घ्यायचं आणि तटबंदी करून आत बसायचं. समोरचं अँग्लो-सॅक्सन सैन्य, म्हणजे ‘फिर्ड’, ठरावीक मुदतीसाठी बोलावलेल्या माणसांचं असे. मुदत भरली, शिधा संपला की माणसं घरी जात. वेढा रेंगाळला की राजाला पैसे मोजून तह करण्यावाचून गत्यंतर नसे. वेसेक्सनेही ८७१मध्ये तेच केलं. त्या एका वर्षात टेम्सच्या दक्षिणेला नऊ लढाया झाल्या आणि मध्येच राजा एथेलरेड वारला. त्याचे मुलगे लहान होते आणि अशा वेळी मुलाला गादीवर बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ आल्फ्रेड राजा झाला.

या हिवाळी छावण्यांचा माग आता जमिनीतून लागतो आहे. लिंकनशायरमधल्या टोर्क्सीच्या शेतांत शिशाच्या शेकडो सोंगट्या आणि दिरहम या अरबी चांदीच्या नाण्यांचे तुकडे सापडले आहेत. डर्बीशायरमधल्या रेप्टनचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. ८७३-७४चा हिवाळा या सैन्याने तिथे काढला, तोही मर्सियाच्या राजांना जिथे पुरलं जाई त्या चर्चच्या आवारात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या उत्खननात तिथे किमान २६४ माणसांची हाडं एकत्र रचलेली मिळाली. त्यांत पुरुषांचा भरणा मोठा होता आणि सोबत ८७०च्या दशकातली नाणी होती. सगळं जुळत होतं, पण रेडिओकार्बन चाचणीत काही हाडं सातव्या-आठव्या शतकातली निघाली, म्हणजे व्हायकिंग येण्याच्या कितीतरी आधीची.

कोडं सुटलं ते माशांमुळे. हवेतला कार्बन-१४ झाडांमार्फत आपल्या शरीरात येतो आणि मृत्यूनंतर ठरावीक वेगाने घटतो. त्यावरून वय काढतात. समुद्रात मात्र खोल पाण्यातला जुना कार्बन मिसळत राहतो, त्यामुळे समुद्री जीवांचं रेडिओकार्बन वय सरासरी चारशे वर्षांनी जास्त भरतं. ज्याच्या आहारात मासे भरपूर, त्याची हाडंही खोटी जुनी दिसतात. हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांवरून कुणी किती मासे खाल्ले याचा अंदाज येतो. ही दुरुस्ती करून २०१८मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा हाडांचा काळ नवव्या शतकाच्या उत्तरार्धाशी सुसंगत निघाला. एवढ्या लहानशा दुरुस्तीने लिखित बखर आणि माती यांचा मेळ बसावा, याचा मला मनापासून आनंद होतो.

८७८च्या जानेवारीत आल्फ्रेडची पाळी आली. चिपनहॅमवर अचानक चाल झाली आणि त्याला सॉमरसेटच्या दलदलीत आसरा घ्यावा लागला. मे महिन्यात त्याने एडिंग्टनला लढाई जिंकली, व्हायकिंग राजा गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला आणि आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. हा भाग सगळे रंगवून सांगतात. माझ्या मते खरा पराक्रम त्यानंतरच्या वर्षांतला आहे.

आल्फ्रेडने फिर्डचे दोन भाग केले, एक मोहिमेवर आणि एक घरी, पाळीपाळीने. शिवाय राज्यभर ‘बर्ह’ म्हणजे तटबंदीची ठाणी उभी केली किंवा जुनी डागडुजी करून घेतली. त्याचा मुलगा एडवर्ड याच्या काळातली एक यादी आज उपलब्ध आहे. तिच्यात तीसेक ठाणी आणि प्रत्येकाच्या नावावर किती ‘हाइड’ जमीन, हे दिलं आहे. एक हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाला पुरेल इतकी जमीन. नियम असा की दर हाइडमागे एक माणूस आणि भिंतीच्या दर ‘पोल’ला, म्हणजे सुमारे ५.०३ मीटरला, चार माणसं. विंचेस्टरच्या नावावर २,४०० हाइड आहेत. चाराने भागा, ६०० पोल येतात, म्हणजे ३,०१८ मीटर. विंचेस्टरच्या जुन्या रोमन तटाची प्रत्यक्ष लांबी भरते सुमारे ३,०३४ मीटर! एक्सेटरसारख्या ठिकाणी हिशेब मुळीच जुळत नाही, तरी विंचेस्टरपुरतं कुणीतरी भिंत मोजून मगच माणसं मागितली होती, याबद्दल मला शंका नाही. सगळी बेरीज सुमारे २७,००० माणसांची होते. जमीन किती आणि त्यावर माणसं किती द्यायची, हे लेखी ठरवून वसूल करणारा राजा हा आता केवळ रणांगणावरचा म्होरक्या राहिला नव्हता.

लोक हे काम आनंदाने करत होते असं नाही. ८९२मध्ये नवं सैन्य केंटमध्ये उतरलं, तेव्हा वाटेतलं ठाणं अर्धवट बांधलेलं होतं आणि आत मोजके शेतकरी. पुढच्याच वर्षी शत्रूला नदीतल्या बेटावर कोंडलेली तुकडी मुदत संपली आणि शिधा संपला म्हणून वेढा सोडून निघाली. पण या वेळी व्हायकिंगांना हिवाळा काढायला राजाची जागा सहज मिळेना. ८९६मध्ये ते सैन्य फुटलं. काही पूर्व अँग्लियात गेले, काही नॉर्थम्ब्रियात, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता ते जहाजं मिळवून सीन नदीकडे वळले.

आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लेड हिने हीच ठाणी चढाईसाठी वापरली. मर्सियाचा कारभार पाहताना टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड बांधून तिने पाया भक्कम केला, ९१७मध्ये डर्बी लढून घेतलं आणि ९१८च्या सुरुवातीला लेस्टर लढाई न करता तिच्या हाती आलं.