सीमेन (वीर्य) टेस्टला येण्याआधी हे वाचा (आणि वयाबद्दल जे नेहमी विचारता तेही)

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "काउंट नॉर्मल आलाय, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम वगैरे काही नाही ना होणार?" काउंटरवर मागे लोक उभे असतात, नीट बोलता येत नाही, म्हणून लिहून देतोय.

सीमेन रिपोर्टमध्ये शुक्राणू किती, हलतात किती आणि आकार कसा एवढंच कळतं. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) नॉर्मलची खालची रेषा म्हणजे एका एमएलला १.६ कोटी, हलणारे ४२ टक्के. क्रोमोसोमचं (पेशीतली गुणसूत्रं, डाऊन सिंड्रोम यांच्यातल्याच गडबडीने होतो) यातून काहीच कळत नाही. त्यासाठी रक्ताची कॅरिओटाइप टेस्ट असते, ती सगळ्यांना लागत नाही, काउंट फारच कमी असला किंवा परत परत गर्भपात होत असले की डॉक्टर सांगतात.

आता वय. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरचा जादा क्रोमोसोम बहुतेक वेळा आईच्या बीजातून येतो, पस्तिशीला साधारण ३५० बाळांत एक, चाळिशीला १०० त एक. पण म्हणून नुसत्या बायकोच्याच टेस्ट करत बसू नका! पुरुषाचे शुक्राणू रोज नवीन बनतात आणि वय वाढेल तसे जीनमधले नवे बदल आणि डीएनएची तुटफूट वाढते. एक्सएक्सवाय, म्हणजे मुलाला एक एक्स क्रोमोसोम जादा असतो त्या क्लाइनफेल्टरमध्ये तर जवळजवळ निम्म्या वेळा जादा एक्स वडिलांकडून आलेला असतो.

आणि आता ज्यात तुमचा आमचा दोघांचा वेळ जातो ते. घरून आणलेलं सॅम्पल. मागच्या महिन्यात कासारवडवलीहून एकजण आले, घोडबंदरला ट्रॅफिक, दीड तास लागला, आणि खराब होऊ नये म्हणून डबी बर्फाच्या पिशवीत ठेवलेली. बिचाऱ्यांनी काळजीनेच केलं होतं पण थंडीने शुक्राणू हलायचेच थांबतात, मग रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? डबी शर्टाच्या आत अंगाला लावून आणा, तासाच्या आत. सॅम्पल साध्या कंडोममध्ये घेऊ नका. आधीच्या वीर्यपतनापासून दोन ते सात दिवसांचा गॅप हवा आणि तो खरा सांगा. थोडं सांडलं असेल तर तेही सांगा, लाजू नका, पहिल्या थेंबांतच सगळ्यात जास्त शुक्राणू असतात.

उशिरा आलेलं सॅम्पल आम्ही परत पाठवतो, लोक चिडतात, पण पैसे घेऊन चुकीचा आकडा हातात देणं आम्हाला जमत नाही. चुकीच्या आकड्यावर तीन महिने गोळ्या खाल्ल्या आणि बायको अडतिशीची असेल तर ते तीन महिने कोण परत देणार? शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, म्हणून मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून या.

लांब राहत असाल तर सॅम्पल इथेच द्या, वेगळी खोली आहे, आतून कडी आहे, कोणी दार वाजवत नाही. आदल्या दिवशी फोन करून वेळ घेतलीत की थांबावं लागत नाही. रिपोर्ट ज्याचा आहे त्याच्याच व्हॉट्सॲपवर जातो, घरच्या बाकी कोणी फोन करून विचारलं तरी आम्ही सांगत नाही.