मेश साइझ किती ठेवायची?

फायनाइट एलिमेंट, म्हणजे पार्टचे छोटे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून कॉम्प्युटरवर त्याची ताकद तपासायची पद्धत, त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. हे नवीन शिकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, एलिमेंट साइझ किती ठेवू, ५ एमएम की २? आता याला एकच आकडा सांगता येत नाही, कारण साइझ ठरते ती पार्टमधे स्ट्रेस (आतला ताण) कुठं आणि किती झपाट्याने बदलतोय त्यावरून.

एक मोठी प्लेट घ्या, मधे छोटं गोल भोक, दोन्हीकडून ओढताय, भोकापासून लांब स्ट्रेस १०० एमपीए (मेगापास्कल, स्ट्रेसचं एकक). भोकाच्या काठावर तो ३०० होतो, हे किर्शने १८९८ मधेच गणिताने काढून ठेवलंय. पण काठापासून अर्धी त्रिज्या लांब गेलात की तोच स्ट्रेस १५२, एक त्रिज्या गेलात की १२२! म्हणजे सगळा खेळ त्या इवल्याशा पट्ट्यात आहे. तिथं त्रिज्येएवढा एकच साधा एलिमेंट टाकला, ज्याच्या आत स्ट्रेस सगळीकडे सारखाच धरलेला असतो, तर तो बिचारा ढोबळमानाने सरासरीच सांगणार, १७० च्या आसपास, आणि रंगीत प्लॉट मात्र झकास दिसणार.

मग सगळीकडेच बारीक करून टाकू? थ्रीडीत साइझ निम्मी केली की एलिमेंट ८ पट होतात, कॉम्प्युटर रात्रभर घरघरत बसतो. त्यामुळे भोक, फिलेट (कोपऱ्याला दिलेली गोलाई), सपोर्ट इथं बारीक आणि बाकी ठिकाणी जाड. वाकणाऱ्या पातळ भिंतीत मात्र जाडीत साध्या एलिमेंटचा एकच थर कधीच नको, ३-४ तरी टाका नाहीतर सरळ सेकंड ऑर्डर वापरा, म्हणजे कडांच्या मधेही नोड असलेले, वाकू शकणारे एलिमेंट.

साइझ बरोबर आहे का ते कळायला ती निम्मी करून परत रन करायचं आणि उत्तर किती हललं ते बघायचं. यात बरेच जण फसतात ते डिस्प्लेसमेंट (पार्ट किती सरकला ते) बघून, कारण ते लवकर स्थिर होतं आणि स्ट्रेस अजून चढतच असतो, तर जो आकडा डिझाइनला लागणार तोच तपासा.

मेश चुकली की काय होतं बघा. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ ला स्लाइपनर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीत पाण्यात खाली नेताना भिंत फुटून बुडाला. मेश जाड, एलिमेंट वेडेवाकडे, त्यामुळे डिझाइनच्या हिशोबात भिंतीतला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी आला होता, त्यात सळयाही नीट रुतवलेल्या नव्हत्या. नंतर नीट अ‍ॅनालिसिस केलं तर ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं, प्रत्यक्षात फुटली ६५ ला.

आणि एक सापळा, आतला एकदम धारदार कोपरा. तिथं मेश जितका बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, थांबतच नाही, कारण थिअरीनुसार तिथं तो अनंत असतो. अशा कोपऱ्यातला लाल ठिपका बघून पार्टची जाडी वाढवत बसू नका, ड्रॉइंगमधली खरी फिलेट मॉडेलमधे टाका, मग परत मेश करा.