सर्पदंश किती गंभीर? आधी वेळ लिहा

दातांच्या खुणा किती खोल आहेत, त्यांच्यात अंतर किती आहे, यावरून अंगात किती विष गेले ते ठरत नाही. विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही; त्याला कोरडा दंश म्हणतात. उलट मण्याराची खूण शोधूनही सापडत नाही. सूज नाही, ठणका नाही. झोपेत चावा बसलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो आणि काही तासांत त्याचा श्वास मंदावू लागतो. त्यामुळे एकदा तपासून भागत नाही. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने तीच तपासणी पुन्हा करायची. लक्षणे नसली तरी 24 तास नजर ठेवायची.

सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहावी. रेघ ओलांडून सूज किती वेगाने सरकते, ते महत्त्वाचे. करकचून दोरी बांधली असेल तर मात्र हा अंदाज फसतो, कारण दोरीनेही हातपाय सुजतात.

घोणस, फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची चाचणी अगदी साधी आहे: शिरेतले 2 मिली ताजे रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि 20 मिनिटे नळीला हातही लावायचा नाही. मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे. चूक बहुधा नळीतच होते. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहते. मध्येच हलवून पाहण्याचा मोह तर हमखास होतो. प्रतिविष दिल्यावर हीच चाचणी 6 तासांनी करतात, कारण गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

घोणस मूत्रपिंडालाही सोडत नाही, म्हणून लघवी किती होते आणि तिचा रंग काय, याची नोंद हवीच.

नाग-मण्यारांच्या विषाचा पहिला पुरावा बहुतेकदा पापण्यांवर दिसतो. रुग्णाला वर बघायला सांगावे; पापण्या पुरत्या उचलल्या जात नसतील तर लकवा सुरू झाला. पुढे एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, मान न उचलणे. एका श्वासात आकडे मोजायला लावावेत. मघाशी तीसपर्यंत गेलेला रुग्ण आता बारावर अडखळला, तर कृत्रिम श्वासाची तयारी लगेच करावी. पुरता लकवा झालेला रुग्ण डोळेही हलवू शकत नाही आणि मेल्यासारखा वाटतो, पण खाटेशेजारचे बोलणे त्याला ऐकू येत असू शकते.