जेलकोट चिकट का राहतो?

फायबरच्या बोटीला घरच्या घरी नवा जेलकोट, म्हणजे तिच्या कवचावरचा सर्वांत बाहेरचा गुळगुळीत, कडक थर, देणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: दोन दिवस होऊन गेले, तरी हात लावला की चिकटतो. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. ‘अजून वाळला नसेल, उन्हात ठेव.’ ‘हार्डनर कमी पडला, पुढच्या वेळी दुप्पट घाल.’ ‘माल जुना लागला असेल.’ क्वचित कधी यातला एखादा खरा निघतो, पण बहुतेक वेळा तिन्ही चुकतात. कारण त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की जेलकोट हा एक जाडसर रंग आहे आणि रंगासारखाच तो वाळतो. जेलकोट वाळत नाही. थिनर उडून जावं आणि मागे कडक पापुद्रा उरावा, असं त्यात काही घडत नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात म्हणून तो कडक होतो, आणि या गुंफणीच्या आड येतो तो आपण श्वासातून घेतो तोच ऑक्सिजन.

यात मला सर्वांत जास्त रस आहे, त्यामुळे पॉलिश पेपर आणि ब्रशकडे वळायला जरा वेळ लागेल.

आधी कारखान्यात काय होतं ते पाहू. बोटीच्या साच्याला आतून मेण चोळून गुळगुळीत करतात आणि त्यावर जेलकोटचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर फवारतात. तो आवळला की त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन, असे थरावर थर. सगळं पक्कं झालं की बोट साच्यातून काढतात, आणि सर्वांत आधी दिलेला थर सर्वांत बाहेर येतो. या सगळ्यात जेलकोटचं तोंड साच्याला टेकलेलं असतं, हवेपासून दूर. हवेकडे असते ती त्याची पाठ, आणि ती चिकटच राहते. कारखान्याला ती तशीच हवी असते, कारण चिकट पाठीवर पुढचा थर घट्ट धरतो. घरी आपण हेच काम उलट्या बाजूने करतो. कवच तयार आहे, लेप बाहेरून द्यायचाय, म्हणजे जेलकोटचं तोंड उघड्या हवेत. तिथे जो गुण होता, तोच इथे दोष ठरतो.

आता डब्यातला माल. त्यात असंपृक्त पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या असतात. पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिकही पॉलिएस्टरच, पण या साखळ्यांमध्ये ठिकठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध शिल्लक ठेवलेले असतात. साखळ्या विरघळलेल्या असतात स्टायरीन या पातळ, उग्र वासाच्या द्रवात, आणि स्टायरीनच्या प्रत्येक रेणूतही असा एक दुहेरी बंध असतो. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, उभ्या भिंतीवरून माल ओघळू नये म्हणून अतिशय बारीक सिलिका, आणि कोबाल्टचा जांभळट क्षार अगदी थोडा. डब्यात आपोआप घट्ट होऊ नये म्हणून हायड्रोक्विनोनसारखा एखादा रोधकही असतो. हे सगळं महिनोन्‌महिने शांत पडून राहतं.

ही शांतता मोडण्याचं काम हार्डनरच्या छोट्या बाटलीतल्या मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइडचं. व्यवहारात याला एमईकेपी म्हणतात. पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना एका कमकुवत बंधाने धरून असतात. कोबाल्टचा आयन त्याला एक इलेक्ट्रॉन देतो आणि तो बंध तुटतो. तुटलेल्या तुकड्यावर एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीदाराविना उरतो. असा तुकडा म्हणजे मुक्त मूलक. कोबाल्ट दुसऱ्या पेरॉक्साइडकडून आपला इलेक्ट्रॉन परत मिळवतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणून कोबाल्ट चिमूटभर पुरतो, पेरॉक्साइड मात्र खर्च होत जातं.

एकट्या इलेक्ट्रॉनला जोडी हवी असते. मूलक जवळच्या स्टायरीनच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतो, त्या बंधातला एक इलेक्ट्रॉन जोडीला घेतो, आणि उरलेला दुसरा इलेक्ट्रॉन स्टायरीनच्या दुसऱ्या टोकाला एकटा पडतो. म्हणजे मूलकपण संपलं नाही, फक्त एक घर पुढे सरकलं. तिथून पुढचा स्टायरीन, मग पॉलिएस्टरच्या साखळीतला एखादा दुहेरी बंध, मग पुन्हा स्टायरीन. असं करत करत पॉलिएस्टरच्या साखळ्यांमध्ये स्टायरीनचे छोटे छोटे पूल बांधले जातात आणि सगळ्या द्रवाची एकच जाळी होते. ती पुन्हा वितळत नाही, कशात विरघळतही नाही. हार्डनर मिसळल्यावर पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, कारण सुरुवातीचे मूलक रोधकाशी लढण्यात आणि द्रवात विरघळलेला ऑक्सिजन संपवण्यात खर्ची पडतात. ते संपले की माल बघता बघता जेलीसारखा आवळतो आणि गरम होतो.

पृष्ठभागावर मात्र ऑक्सिजन संपत नाही. जेवढा खर्च होतो तेवढा वरच्या हवेतून पुन्हा झिरपतो.

आणि ऑक्सिजन हा मोठा विलक्षण रेणू आहे. बहुतेक स्थिर रेणूंत सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या राहण्याच्या जागांत, एकेकटे राहतात आणि दोघांची फिरकी एकाच दिशेची असते. याचा धडधडीत पुरावा डोळ्यांनी दिसतो: द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे खेचला जातो. जेम्स ड्युअर यांनी १८९१ मध्ये हे दाखवलं, आणि रॉबर्ट मलिकन यांनी १९२८ च्या सुमारास कक्षकांच्या सिद्धांताने त्याचं कारण सांगितलं. याच रचनेमुळे ऑक्सिजन जोडीने राहणाऱ्या साध्या रेणूंशी सहसा भिडत नाही. हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन असूनही लाकूड आपणहून पेटत नाही, ते यामुळेच. पण समोर मुक्त मूलक आला, की दोघांकडेही एकटा इलेक्ट्रॉन, मग विलंब कसला! स्टायरीनचा पुढचा रेणू जोडला जाण्याच्या प्रक्रियेपेक्षा ऑक्सिजन जोडला जाण्याची प्रक्रिया लाखो पटींनी वेगवान असते. त्यातून तयार होतो पेरॉक्सी मूलक, आणि तो मंद आहे. त्याच्यात पुढच्या स्टायरीनवर चाल करून जाण्याचा दम फारसा नसतो. जिथे शेकडो दुवे जोडले जायचे तिथे चार-दोन जोडून काम अडतं. मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढा वरचा थर असा अर्धवट राहतो, आणि हाताला लागतो तो चिकटपणा तिथला.

हीच अभिक्रिया रसायनशास्त्राच्या इतिहासात एका मोठ्या शोधाचं दार ठरली. १९०० साली मोझेस गोम्बर्ग मिशिगन विद्यापीठात एक नवा हायड्रोकार्बन बनवायला निघाले होते. हाती आलेल्या पांढऱ्या पदार्थाच्या विश्लेषणात कार्बन-हायड्रोजनचा हिशोब काही केल्या जुळेना. त्यात ऑक्सिजन शिरला होता, तो पदार्थ पेरॉक्साइड होता. मग त्यांनी हवा पूर्ण वगळून, कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात प्रयोग केला आणि त्यातून मिळालेल्या पदार्थाला पुन्हा हवा दाखवली. त्याने ऑक्सिजन झपाट्याने शोषून घेतला. कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन असलेला स्थिर मुक्त मूलक पहिल्यांदा सापडला तो असा, ऑक्सिजनने त्याच्यावर घातलेल्या झडपेतून.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘फ्री रॅडिकल’ हा शब्द बहुतेकांना क्रीमच्या आणि रसाच्या जाहिरातींतून माहीत आहे, आणि तिथे तो कायम खलनायक असतो. हेच मुक्त मूलक जेलकोट घडवतात, आणि आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी जिवाणूंना मारायलाही मूलकच वापरतात. कोणता मूलक, कुठे, किती वेळ, हे न सांगता सरसकट ‘फ्री रॅडिकल नष्ट करते’ म्हणून विकली जाणारी बाटली विज्ञानाचं नाव घेते, विज्ञान सांगत नाही.

असो. तर चिकटपणा घालवायचा म्हणजे हवा तोडायची. त्याच्या दोन रीती आहेत. पहिली मेणाची. स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॅरॅफिन मेण जेलकोटमध्ये घालतात. माल पातळ असतो तोवर ते आत विरघळलेलं राहतं. जाळी बनू लागली, मोकळं स्टायरीन कमी झालं, की मेणाला आत जागा उरत नाही. ते वर येतं आणि पृष्ठभागावर अतिशय पातळ पडदा धरतो. बाहेरून ऑक्सिजन आत येत नाही, आतून स्टायरीन उडून जात नाही. नेमक्या वेळी, नेमक्या जागी, आपोआप तयार होणारं हे झाकण मला फार आवडतं. पण ते तापमानाला नाजूक आहे. थंडीत, साधारण १५ अंशांखाली, मेण वेळेआधीच आत गोठतं. कडक उन्हात तापलेल्या कवचावर ते मऊ पडतं, पडदा धरत नाही, आणि वरून स्टायरीनही भराभर उडतं. उन्हात ठेवण्याचा सल्ला फसतो तो इथे. १८ ते २५ अंशांत, सावलीत काम करावं.

दुसरी रीत पॉलीव्हिनाइल अल्कोहोलची, म्हणजे पीव्हीएची. हे पाण्यात विरघळणारं प्लास्टिक आहे आणि कोरड्या अवस्थेत ऑक्सिजनला जवळजवळ वाट देत नाही. जेलकोट आवळला की वरून त्याचा फवारा मारायचा, सलग पापुद्रा बसू द्यायचा, आणि सगळं पक्कं झाल्यावर पाण्याने धुऊन टाकायचं. लहानशा दुरुस्तीवर पीव्हीएऐवजी प्लास्टिकची गुळगुळीत फिल्म ताणून चिकटवली तरी भागतं.

मेण फक्त शेवटच्या हाताला. दोन-तीन हात द्यायचे असतील तर आधीचे बिनमेणाचे, आणि ते पुरते घट्ट व्हायची वाट न बघता पुढचा द्यावा. आधीच्या थराच्या चिकट पृष्ठभागावर न जुळलेले दुहेरी बंध शिल्लक असतात, नवा थर त्यांच्याशी रासायनिक गाठ बांधतो. मेणाचा पडदा मध्ये आला तर ही गाठ बसत नाही आणि वरचा थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो.

जुन्या बोटीवर मात्र अशी सोय नाही. तिथली जाळी वर्षांपूर्वीच पुरी झालेली, त्यामुळे नवा जेलकोट धरतो तो मुख्यतः ओरखड्यांत रुतून. म्हणून ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचं. त्याआधी मेण आणि पॉलिश काढणाऱ्या द्रवाने सगळं पुसून घ्यायचं, एकदा पुसलेलं फडकं पुन्हा न वापरता. क्रम उलटा केला तर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत चोळलं जातं आणि ओला जेलकोट तिथून मागे सरकून गोल खळगे पडतात.

हार्डनर वजनाने १ ते २ टक्के, डब्यावर लिहिलं असेल त्याप्रमाणे. ६०० ग्रॅम मालाला २ टक्के म्हणजे १२ ग्रॅम. अंदाजपंचे ओतू नये. जास्त घातल्याने ऑक्सिजन हरत नाही. एकदम खूप मूलक तयार होतात, ते एकमेकांशीच जोड्या लावून विझतात, साखळ्या आखूड राहतात, आणि थर ठिसूळ आणि पिवळट होतो. अ‍ॅसिटोन घालून माल पातळ करणंही तितकंच वाईट. आणि थर फार पातळ, ०.३ मिलिमीटरहून कमी दिला, तर अभिक्रियेची ऊब टिकत नाही आणि स्टायरीन जुळण्याआधीच उडून जातं.

एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. गॉगलशिवाय बाटली उघडू नये. थेंब उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवावा आणि डॉक्टरकडे जावं. कोबाल्टचं द्रावण वेगळं मिळालं तर ते आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नये, स्फोटक भडका उडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक या गटात घातलं. धुळीचा मास्क स्टायरीनची वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेलाच मास्क लागतो.

आणि हे सगळं करण्याआधी बोटीला जेलकोट खरंच हवा आहे का, ते पाहावं. उन्हाने वरचा थर पांढुरका, खडूसारखा झाला असेल तर पुष्कळदा बारीक वॉटर पेपर आणि रबिंग कंपाऊंड पुरतं. पाण्याखालच्या भागावर फोड असतील तर प्रकरण वेगळं. तिथे पाणी जेलकोटमधून आत झिरपून पॉलिएस्टरचे बंध तोडतं, तुटलेले आम्लधर्मी तुकडे आणखी पाणी ओढतात, आणि परासरणाच्या दाबाने फोड येतो. फोडल्यावर त्यातून आंबट वासाचं पाणी निघतं. असं कवच उघडं करून वाळवायला कित्येकदा महिने लागतात. ‘एका दिवसात फोड कायमचे बंद’ म्हणणारा कुठलाही नॅनो-लेप त्यावर दिला, तरी आतलं पाणी आतच राहतं.

सगळं नीट करूनही चिकट लागलाच, तर कोपऱ्यात नख दाबून पाहावं. नख रुतत नसेल, खाली कडक आणि वर नुसती चिकचिक असेल, तर काम ऑक्सिजनचं आहे. वरचा थर अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून, मग ३२० पासून १२०० पर्यंत वॉटर पेपरने घासून पॉलिश करता येतं, खालचा जेलकोट शाबूत असतो. नख आत रुतत असेल तर हार्डनर कमी पडला, नीट ढवळला गेला नाही, नाहीतर थंडीने अभिक्रियाच अडली. थंडीचा संशय असेल तर ऊब देऊन एक दिवस वाट पाहावी. तरीही मऊच राहिला, तर खरवडून पार खालपर्यंत काढावा. त्याच्यावर दुसरा हात देऊ नये.