मुका मार

स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेत दहा-बारा वर्षं काढलेल्या रग्बीपटूचा कान जवळून पाहिला, तर तो कान वाटतच नाही. घड्या बुजलेल्या, कड जाड होऊन आत वळलेली, हाताला गाठोड्यासारखा टणक. कानातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. डोकी एकमेकांवर घासून ते आवरण सुटलं की मधल्या फटीत रक्त साचतं, कूर्चा उपाशी पडते आणि पुढे तिथे वेडीवाकडी नवी कूर्चा धरते. साचलेलं रक्त वेळेवर काढलं तर कान वाचतो. पण हंगाम ऐन भरात असताना एवढी उसंत कोण घेतो!

कानाचं हे उघड दिसतं तरी. या खेळात खरी चिंता आहे ती मुक्या माराची.

रग्बी युनियन, म्हणजे १५ जणांच्या संघाचा प्रकार, ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडू दिवसा नोकरी करायचे, संध्याकाळी सराव. पैसा आला तशी नोकरी सुटली आणि अख्खा दिवस जिम, आहार नि सरावाला मिळाला. शरीरं फुगली. १९९५च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा जोना लोमू उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या बचावफळीला तुडवत गेला, चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला; तेव्हा मैदानाच्या कडेने पळणारा एवढा आडदांड खेळाडू, विंगर, पाहून जग थक्क झालं होतं. आज शंभर किलो ओलांडलेल्या बॅककडे, म्हणजे स्क्रमबाहेरच्या धावपट्टू खेळाडूकडे, कुणी वळूनही पाहत नाही.

याचा अर्थ काय, ते साध्या गणितात पाहू. १०० किलोचा खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगाने धावत असेल, तर त्याच्यात १,८०० जूल ऊर्जा असते. १०० किलोचं वजन पुरुषभर उंचीवरून खाली सोडलं तर जमिनीवर आदळताना साधारण तेवढीच भरते. टॅकल करणारा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडणारा, हे अंगावर घेतो, तेही सामन्यात कितीतरी वेळा. स्क्रमचं गणित आणखी दांडगं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी स्क्रम-यंत्रावर मोजलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या आठ फॉरवर्डांच्या, म्हणजे स्क्रम करणाऱ्या खेळाडूंच्या, पहिल्या धडकेचा जोर सुमारे १६,५०० न्यूटन भरला, म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाचा भार. तो आधी झेलायचा पहिल्या रांगेतल्या तिघांच्या मानांनी. या खेळाडूंच्या मानेचे मणके वयाआधी झिजलेले आढळतात, यात नवल ते काय? २०१३पासून धडकेआधीच समोरच्या संघाच्या खेळाडूला धरून घ्यायचा नियम आला, त्याने हा जोर जवळपास पाव भागाने उतरला. माझ्या मते खेळाडूंसाठी झालेल्या बदलांमधला हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत शहाणा बदल.

व्यावसायिक पुरुषांच्या सामन्यांत खेळाच्या १,००० तासांमागे सुमारे ८१ दुखापती होतात. १५ जण ८० मिनिटं खेळले की एका संघाचे २० तास भरतात. म्हणजे दर सामन्याला प्रत्येक संघातले एक-दोन जण जायबंदी.

हाडं सांधतात, स्नायू भरून येतात. मेंदूचं तसं नाही. तो कवटीत द्रवावर तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, विशेषतः पिळल्यासारखा, की कवटी थांबते पण मऊ मेंदू पुढे सरकतो आणि त्याचे लांबलचक मज्जातंतू ताणले जातात. डोळ्यांसमोर काजवे चमकले तर निदान कळतं तरी. बहुतेक झटक्यांत काजवे चमकत नाहीत, खेळाडू उठतो नि पुढच्या टॅकलला धावतो. अशा वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी काहींच्या मेंदूच्या वळ्यांच्या खोल खाचांमध्ये, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

इंग्लंडचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध असणारा, स्टीव्ह थॉम्पसन २००३च्या विश्वविजेत्या संघात होता. वयाच्या बेचाळिशीत त्याला डिमेन्शियाचं निदान झालं. सिडनीतला तो अंतिम सामना आपण खेळलो, हेच त्याला आठवत नाही.

स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या पाहणीत मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट आढळला. त्यातले बहुतेक हौशी काळातले होते, हलक्या शरीरांचे. व्यावसायिक पिढी आता कुठे पन्नाशीकडे सरकते आहे.

डोक्याला बांधायची फोमची टोपी कान वाचवते, मेंदू नाही. म्हणून आता झटके मोजायला सुरुवात झाली आहे, दातांवरून. वरचे दात कवटीला घट्ट बसलेले असतात, त्यामुळे त्यांवर बसवलेल्या माउथगार्डमधला संवेदक डोक्याची हालचाल नेमकी टिपतो. त्वचेवर चिकटवलेला घसरतो. २०२४पासून वरच्या स्तरावरच्या सामन्यांत मोठा झटका नोंदला गेला की डॉक्टरला इशारा जातो आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर यावं लागतं, तो कितीही ठणठणीत दिसत असला तरी.

सामन्यातला मार टाळता येत नाही, तर सरावातला वाचवा, असाही एक हिशेब आहे. सरावात दुखापती फार थोड्या होतात, पण सरावाचे तास सामन्याच्या कितीतरी पट असतात आणि मुका मार दुखापतींच्या वहीत चढत नाही. २०२१मध्ये रग्बीच्या जागतिक संघटनेने आठवड्याला पूर्ण ताकदीची टक्कर फक्त १५ मिनिटं ठेवावी, असं सुचवलं. टॅकलची बाकीची उजळणी फोमच्या ढालींवर आणि अर्ध्या वेगाने.