सायडिंगवर रेक लागताना: ग्राहकांसाठी माहिती

रेक (एका मालगाडीच्या सगळ्या वॅगनी) निघाल्याचा निरोप आला की मुकादम लगेच विचारतो, हमाल किती वाजता बोलवू? याचे उत्तर बरेचसे तुमच्या सायडिंगचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या जोडमार्गाचे) तोंड, म्हणजे मुख्य मार्गाला जोडलेले टोक, कुठल्या दिशेला आहे यावर ठरते. तुमची सायडिंग ज्यावर आहे तो मिरजेहून येणारा मार्ग कोल्हापुरात संपतो. तोंड कोल्हापूरकडे असेल, तर गाडी सांधा (सायडिंगचा रूळ फुटतो ती जागा) ओलांडून पुढे जाते आणि वॅगनी मागे ढकलत आत येते. इंजिन मोकळ्या टोकाला राहते, पण परतीला स्टेशनात ते फिरवून मिरजेच्या बाजूला लावावे लागते. तोंड मिरजेकडे असेल, तर सरळ आत शिरलेले इंजिन आतच अडकेल. म्हणून ही फिरवाफिरवी येतानाच उरकावी लागते. खोळंबा चुकत नाही, फक्त आधी की नंतर एवढेच.

दुसरा हिशेब लांबीचा. बीसीएनएचएल (बंदिस्त मालवाहू) वॅगन सुमारे 11 मीटरची, रेक 58 वॅगनींचा, म्हणजे इंजिन सोडून जवळपास 640 मीटर. रूळ तेवढा नसेल तर रेक तोडून दोन टप्प्यांत लावतात. शेवटची वॅगन फाउलिंग मार्कच्या (शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून केलेल्या खुणेच्या) आत हवी, नाहीतर शेजारचा रूळ अडतो. शंटिंगचा (वॅगनी पुढेमागे हलवून जागी लावण्याचा) वेग ताशी 15 किलोमीटरपर्यंतच असतो. घाई करा म्हणून पॉइंट्समनच्या (सांधे बदलणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या) मागे लागू नका.

इंजिन सुटल्यावर एअर ब्रेकवर विसंबू नये. सिलिंडरमधली हवा हळूहळू गळते आणि ब्रेक ढिला पडतो. हँडब्रेक आवळलेले आणि चाकांखाली लाकडी पाचरी आहेत, हे भरणीआधी स्वतः बघा. वॅगन थोडी सरकवायची म्हणून ट्रॅक्टर लावणे तर साफ बंद: रिकामी वॅगनच 20 टनांच्या वर असते, एकदा चालू लागली की माणसाला आवरत नाही.

डेमरेज (ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वॅगन अडवून ठेवल्याचा आकार) वॅगनमागे तासावर लागते आणि अर्धवट तासही पूर्ण धरतात. आमच्या पाहण्यात हा वेळ पोती उचलण्यात कमी, फालतू कारणांनी जास्त जातो. दारात राहिलेली फळी, बाहेर फुगलेल्या थप्पीमुळे न लागणारे दार, रुळाला खेटून लावलेला ट्रक. रुळाच्या मध्यापासून 3 मीटर जागा मोकळी ठेवा. सगळी दारे लावून झाल्यावरच रेक मोकळा झाल्याचे लेखी कळवा. माल उतरवून धक्क्यावर पडून राहिला तर वार्फेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) वेगळे.

वर 25,000 व्होल्टची तार असेल तिथे ताडपत्री बघायलासुद्धा कोणी वॅगनच्या छतावर चढू नये. तारेपासून 2 मीटरच्या आत लोखंडी गज किंवा ओली दोरीही नेऊ नये.